कुशन आहे म्हणून सनस्क्रीन नको? काहून बरं?

सध्या सगळ्या ग्रुपवर एक रील फिरून राहिली आहे, तुम्हालाही आली असेलच. म्हणणं काय, तर उन्हाळ्यात बाकी काही लावूच नका, कुशन फाउंडेशनमध्ये (म्हणजे डबीतल्या स्पंजात भिजवून ठेवलेला लिक्विड मेकअप) एसपीएफ ५०, म्हणजे उन्हापासून वाचवायचा आकडा, राहतेच, शेड एक नंबर उजळ घ्या, तीन थर द्या, दिवसभर नॅचरल ग्लो. नागपुरातल्या पोरी भर मे महिन्यात हे करून राहिल्या म्हणून लिहितेय.

पहिले एसपीएफचं पाहू. डबीवरचा आकडा खोटा नाही, पण तो मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावतात, म्हणजे चेहऱ्याला ढोबळमानानं एक ग्रॅम. डबीत राहते १४-१५ ग्रॅम. रोज तेवढं लावलं तर पंधरवड्यात डबी खलास व्हायला पाहिजे, अन् तुमची तर दोन-तीन महिने चालते ना? करा मग हिशेब. आधी दोन बोटं भरून सनस्क्रीन, दहा मिनिटं मुरू द्या, मग कुशन.

तीन थर कशाला बावा? कुशन म्हणजे लिक्विड फाउंडेशनमध्ये भिजवलेला स्पंज, कोरियातल्या अमोरेपॅसिफिकनं २००८ मध्ये आयोपे ब्रँडखाली काढला, आयडिया पार्किंगच्या शिक्क्याच्या पॅडवरून घेतलेली. म्हणून तो शिक्क्यासारखा टेकवायचा न् उचलायचा, घासायचा नाही. पफ, म्हणजे डबीतली लावायची छोटी गादी, स्पंजावर एकदाच हलका दाबा, जास्तीचं आतल्या झाकणावर टिपा, नाकाजवळच्या गालापासून बाहेरच्या बाजूला टप टप टप करत जा, आणि पफवर जे उरते तेवढंच कपाळाला अन् डोळ्यांखाली, तिथं पफ दुमडून कोपऱ्यानं. डाग दिसतोय तिथंच परत टेकवा, अख्ख्या चेहऱ्यावर नाही. तिसऱ्या थरापर्यंत गेलं की हसायच्या रेषांत सगळं जमा होते आणि मग म्हणायचं प्रॉडक्टच बेकार.

उजळ शेड तर नकोच. सीताबर्डीच्या दुकानात पांढऱ्या लाइटखाली मस्त वाटलेली शेड बाहेर उन्हात राखाडी दिसते. जबड्याच्या कडेला लावा, बाहेर या, दहा मिनिटं थांबा (काही शेड वाळल्यावर जरा गडद होतात), मगच पैसे द्या.

राहिलं दिवसभर टिकायचं. असं म्हणणाऱ्यानं ४५ डिग्रीत तोंडाला स्कार्फ बांधून गाडीवर धरमपेठ ते सदर जाऊन दाखवावं. स्कार्फ सोडला की नाकाचा शेंडा साफ, अन् आतून कापडावर बदामी डाग. लावल्या लावल्या स्कार्फ आवळू नका, आणि पोचल्यावर आधी टिश्यूनं घाम टिपा, मग पफवर उरलंसुरलं असेल तेच नाकावर टेकवा. घामावर थापलं तर चट्टे पडणारच. आणि तोच घामट पफ तसाच डबीत बंद करून ठेवता ना, तो आठवड्यातून एकदा तरी साबणानं धुवा, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, गॅलरीत ठेवला की पाहता पाहता वाळते.