स्ट्रॉबेरीच्या ‘सूत्रकृमीमुक्त’ जातींबद्दल खुलासा

‘अमुक जात सूत्रकृमीला दाद देत नाही, डोळे झाकून लावा,’ असा मजकूर लागवडीच्या तोंडावर शेतकऱ्यांत फिरतो आहे. तो अर्धवट आहे, आणि अर्धवट माहितीवर रोपांचा खर्च करणं परवडणारं नाही.

सूत्रकृमी म्हणजे जमिनीत राहून मुळांवर जगणारे सूक्ष्म, धाग्यासारखे कृमी. त्यांतल्या मुळांवर गाठी करणाऱ्यांच्या अनेक प्रजाती आहेत. टोमॅटो-भेंडीची मुळं सुजवणाऱ्या इन्कॉग्निटा आणि जावानिका या प्रजाती स्ट्रॉबेरीवर सहसा फारशा वाढत नाहीत. फक्त याच प्रजाती असलेल्या रानात स्ट्रॉबेरीचं झाड निरोगी राहिलं, की श्रेय जातीला दिलं जातं! स्ट्रॉबेरीचा खरा शत्रू हाप्ला, थंड हवेत तग धरणारी प्रजाती. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कामारोसा यांपैकी स्ट्रॉबेरीची कोणतीही जात हाप्लाला पूर्ण प्रतिकारक म्हणून सिद्ध झालेली नाही. काही जाती कमी बळी पडतात, पण कमी बळी पडणं म्हणजे प्रतिकार नव्हे. झाड तगतं आणि जमिनीत कृमी वाढतच राहतात. टोमॅटोतला प्रसिद्ध प्रतिकारक जनुक ‘एमआय’सुद्धा हाप्लापुढे चालत नाही.

हाप्लाच्या गाठी बारीक असतात आणि त्यांतून तंतुमुळं फुटतात, म्हणून वरवर पाहताना सुटतात. रोपं घेताना दोन-चार उपटून मुळं धुऊन पाहा. लागवडीआधी माती आणि मुळांचा नमुना कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत द्या, प्रजातीही विचारा. हाप्ला निघाली तर त्या रानात आधी गहू किंवा मका घ्या. गाजर, घेवडा, भुईमूग मात्र नको, त्यांवर ती पोसते.