परत काच फुटली!

तिसऱ्यांदा. डोंगर, नदीनाले, चिखल सगळं पार करणारी माझी जुनी जीप, आणि तिची काच फुटते कुठे? बिल्डिंगखाली, पार्किंगमध्ये. दाराची काच टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली. तडा जाणं वगैरे भानगड नाही, एकदम साबुदाण्यासारखा चुरा. समोरच्या काचेत दोन थरांमध्ये फिल्म असते म्हणून ती निदान जागेवर राहते. ही सरळ सीटवर.

मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडची, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या बाजाराची वारी. "शेठ, ही काच आता येत नाही." बरं, साध्या काचेतून कापून द्या? तर टफन्ड काच कापताच येत नाही, आधी मापाने कापायची आणि मग भट्टीत घालायची. म्हणजे आठवडाभर दाराला प्लास्टिक आणि चिकटपट्टी. जुलैत! मुंबईत! सीटखाली बुरशी धरली हो.

इन्शुरन्समध्ये काचेला घसारा, म्हणजे जुनी झाली म्हणून होणारी कपात, लागत नाही, हे खरं. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, शिवाय पदरचे ठरावीक पैसे कापतात ते वेगळेच. त्यापेक्षा खिशातून दिलेले परवडले.

बसवणाराही धन्य. दाराचं पॅड उपटताना चार क्लिपा तोडल्या, आतला चुरा तसाच ठेवला. आता प्रत्येक खड्ड्याला दारातून खळ्ळ आवाज येतो, खुळखुळ्यासारखा. आणि काच खाली केली की अर्ध्यावर अडकते. काल टोलनाक्यावर दार उघडून हात बाहेर काढला, मागचे हॉर्न वाजवतायत.