जुनं ते जड?
जुन्या कादंबऱ्या आता वाचवत नाहीत, हे एका लेखातलं मत काही पटलं नाही. नुकतीच विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ वाचली. १९३९ सालची! युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जाचातून सुटलेले ज्यू आणि चक्रधर-हॅर्टाचं ते अवघडलेलं प्रेम. एका बैठकीत संपली. चक्रधरचा मात्र शेवटपर्यंत राग येत राहिला.

मग ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकर एकही शब्द उगाच खर्चत नाहीत, दुष्काळातसुद्धा.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ने थोडं दमवलं. नायकाची धाकटी बहीण मनी मरते तिथे पुस्तक मिटून बसून राहिलो, पण होस्टेलचं पुराण जरा लांबलंच (नेमाडेप्रेमींनी तुटून पडू नये). आता श्याम मनोहर वाचायचेत. सुरुवात कुठल्या पुस्तकाने करावी?