दुर्बीण घातली की कारण सापडतंच?

व्हॉट्सॲपवर हा सल्ला पुन्हा फिरतोय: "सहा महिने ओटीपोट दुखतंय आणि सोनोग्राफी नॉर्मल? दुर्बीण घालून बघा. कारण सापडतंच, तिथल्या तिथे काढून टाकतात, धोका काही नाही. काहीच निघालं नाही तर दुखणं मनाचं."

सापडतंच? ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची 2012 ची मार्गदर्शिका सांगते की अशा दुर्बिणींपैकी (लॅपरोस्कोपी, म्हणजे भूल देऊन पोटाला बारीक छेद घेऊन कॅमेऱ्यानं आत बघणं) एक तृतीयांश ते निम्म्या कोऱ्या निघतात, काहीच सापडत नाही. दुर्बिणीला दिसतो तो पृष्ठभाग: गर्भपिशवी, बीजकोश, आतड्याची बाहेरची बाजू, पोटाचं अस्तर. आखडलेला स्नायू, दुखावलेली नस, चिडलेलं मूत्राशय तिला दिसत नाही. मग 'मनाचं' कुठून आलं?

पोटाच्या भिंतीचं दुखणं तर साध्या तपासणीत ओळखू येतं. उताणं झोपवून दुखऱ्या जागी बोट दाबून ठेवायचं आणि पेशंटला डोकं-खांदे उचलायला सांगायचं. कळ वाढली, तर दुखणं बहुधा भिंतीतलं, आतल्या अवयवांचं नाही. ना भूल, ना टाके. गर्दीच्या ओपीडीत हे कितीदा केलं जातं, ते बायकांनाच विचारा.

'तिथल्या तिथे काढतात' हे अर्धं खरं. एंडोमेट्रिओसिसचे (गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) वरवरचे डाग सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. पाळीत, संबंधाच्या वेळी, शौचाला बसताना कळा येत असतील आणि हार्मोनच्या गोळ्यांनी उतार नसेल (किंवा मूल हवं म्हणून त्या घेता येत नसतील), तर दुर्बिणीला अर्थ आहे. तिथे मी टाळाटाळ करा म्हणणार नाही. पण चिकटलेली आतडी सोडवली की दुखणं थांबतं, हे खरं नाही. नेदरलँड्समध्ये 100 रुग्णांवर झालेली चाचणी 2003 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. काहींची चिकटलेली आतडी सोडवली, बाकीच्यांना नुसतं आत बघून टाके घातले. वर्षभरानं दोन्ही गटांना सारखाच आराम होता!

धोक्याचं म्हणाल तर आतडं, मूत्राशय, रक्तवाहिनी यांना गंभीर इजा हजारात दोघींना. थोडा, पण आहे.

मेसेजमध्ये संमतीपत्राचा उल्लेखच नाही. दिल्लीत एका बाईनं रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी तपासणीच्या दुर्बिणीला होकार दिला. भुलीत असताना आईची सही घेऊन तिची गर्भपिशवी आणि बीजकोश काढले. समीरा कोहली खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे. तेव्हा सही करण्याआधी विचारा: डाग दिसले तर त्याच वेळी काढणार का, टीबी आहे का ते बघायला आतला तुकडा तपासणीला पाठवणार का, आणि कशाला हात लावणार नाही? उत्तरं त्याच कागदावर लिहून घ्या.