विनायकची कणीक कुणाच्या शेतातली?

परवा ‘तुंबाड’ तिसऱ्यांदा पाहिला. (पुढे कथा फुटणार आहे. 2018चा सिनेमा, 2024ला पुन्हा थिएटरातही लागून गेला, आता माझ्यावर चिडू नका.)

लोभाची गोष्ट, असं जो तो म्हणतो. मला या खेपेला सोन्यापेक्षा पीठच जास्त दिसत राहिलं. हस्तर हा पूर्तीच्या देवीचा थोरला लेक. त्याने सोनं लाटलं, ते पचलं. धान्याला हात घातला तेव्हा मात्र बाकीचे देव तुटून पडले. तेव्हापासून तो उपाशी, आणि सिनेमाचा नायक विनायक वाड्याखाली उतरून त्याला कणकेच्या बाहुलीचं आमिष दाखवतो नि त्याच्या लंगोटीतल्या सोन्याच्या मुद्रा पळवतो. (गव्हाची कणीक असेल तर घाटावरूनच आणत असणार, कोकणात कुठला गहू!)

पण ते धान्य पिकवतंय कोण? सिनेमाभर एक कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी, धड दिसत नाही. विनायकच्या आईला वर्षानुवर्षं वाड्याच्या म्हाताऱ्या मालकाची, ‘सरकारां’ची, सेवा करून एका मुद्रेची आशा, एवढीच काय ती खालच्या माणसाची बाजू.

मधला भाग 1933चा आहे. त्याच साली अलिबागजवळ चरीच्या कुळांनी नांगर खाली ठेवला. खळ्यावरचं अर्धं भात खोताच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरी, वर वेठबिगारी. शेतकरी नेते नारायण नागू पाटलांनी संप पुकारला आणि 25 गावांनी जवळजवळ सहा वर्षं शेत कसलं नाही. लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण पेरलं नाही. 1937 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडायचं विधेयक आणलं, 1938च्या जानेवारीत कोकणातली कुळं मोर्चाने तिथवर चालून गेली. यातलं काहीच विनायकच्या कानावर नाही. स्वातंत्र्यसुद्धा त्याला कळतं ते वाडा सरकारजमा होणार एवढ्यापुरतंच.

दिग्दर्शकाला दोष देत नाहीये. वाड्यातून जेवढं दिसतं तेवढंच त्याने दाखवलं, आणि काय दाखवलंय! तो पाऊस अजून अंगावर आहे.

मला फक्त याच्या शेजारची गोष्ट वाचायचीय, आणि ती कुळाच्या पोरीने सांगितलेली हवी. शेतं पडीक. वाड्यातलं पीठ संपलेलं, उधार द्यायला कुणी तयार नाही. खाली हस्तर भुकेने वळवळतोय, आणि वरून खोताचा मुलगा दोर धरून उतरतोय, बाहुलीशिवाय.

कुणी लिहीत असेल तर इनबॉक्समध्ये या. पहिला कच्चा खर्डा मी वाचणार.