कॉनराड फाइटला ‘बिचारा खलनायक’ करू नका

‘कॅसाब्लँका’ या हॉलिवूडपटातल्या मेजर स्ट्रासर या नाझी अधिकाऱ्याचा फोटो, शेजारी बॅटमनमधला जोकर, आणि खाली हळहळ व्यक्त करणारा मजकूर. अशी पोस्ट दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येते. मजकुराचा गाभा ठरलेला असतो. स्ट्रासर रंगवणारा कॉनराड फाइट हा ज्यू नट हिटलरच्या तावडीतून कसाबसा सुटला. त्याच्या एका खलनायकी भूमिकेवरून पुढे जोकर जन्माला आला. बोलपट आले आणि जर्मन उच्चारांमुळे त्याची सद्दी संपली. मग हॉलिवूडने त्याला मरेपर्यंत नाझी वर्दीत कोंबलं. जन्मभर खलनायक रंगवलेला, नशिबाने छळलेला माणूस, आणि शेवटी हात जोडलेली इमोजी.

यातलं थोडं खरं आहे, बरंचसं अर्धवट आहे आणि निष्कर्ष साफ चुकीचा आहे. मला खटकते ती त्यातली दया. फाइटने जे ठरवून केलं, ते त्याच्यावर लादलं गेलं असं ही पोस्ट सांगते. एकेक दावा घेऊ.

‘ज्यू असल्यामुळे जर्मनी सोडावी लागली’

फाइट ज्यू नव्हता. 1893 साली बर्लिनमध्ये एका प्रोटेस्टंट घरात तो जन्मला. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात भरती होऊन पूर्व आघाडीवर गेला, आजारी पडून परतला, आणि नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या डॉइचेस थिएटरमध्ये तयार झाला. नाझींच्या वंशाच्या हिशेबात त्याच्याकडे बोट दाखवायला जागाच नव्हती. ज्यू होती ती त्याची तिसरी बायको, लिली प्रागर. तिच्याशी त्याने 1933 मध्ये लग्न केलं, म्हणजे हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी. चित्रपट व्यवसायातल्या लोकांकडून वंशाचे फॉर्म भरून घेतले जात होते. त्यात त्याने स्वतःपुढे ‘ज्यू’ असं लिहिलं. मग दोघं इंग्लंडला गेली.

हा फरक किरकोळ नाही. ज्याचा जीव धोक्यात आहे तो पळतो, त्यात लाजिरवाणं काही नाही. पण ज्याला राहता आलं असतं, मानमरातब आणि पैसा दोन्ही मिळाले असते, तो उठून जातो तेव्हा त्याला ‘सुटला’ म्हणणं म्हणजे त्याचा निर्णय पुसून टाकणं झालं.

राहिला असता तर काय झालं असतं, हेही आपल्याला दिसतं. ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’ (1920) मध्ये फाइटला झोपेत चालवणारा डॉक्टर झाला होता वेर्नर क्राउस. क्राउस जर्मनीतच राहिला. 1940 मध्ये नाझींनी ‘यूड झ्यूस’ नावाचा विखारी ज्यूद्वेष्टा चित्रपट काढला, त्यात त्याने एकट्याने अनेक ज्यू पात्रं रंगवली. आणि फाइट? त्या चित्रपटाचं मुख्य पात्र असलेल्या झ्यूस ओपेनहाइमरचीच भूमिका त्याने 1934 मध्येच ब्रिटनमध्ये केली होती, पण ज्यूंच्या बाजूने उभ्या असलेल्या चित्रपटात. नावं सारखी असल्यामुळे हे दोन चित्रपट सर्रास एकमेकांत मिसळले जातात आणि फाइटच्या माथी नाझी चित्रपटाचं पाप येतं. तेवढ्यासाठी तरी सालं नीट बघावीत.

‘जोकर त्याच्या खलनायकी भूमिकेवरून घेतला’

चेहरा घेतला, हे बरोबर. 1940 मध्ये बॅटमनच्या पहिल्या अंकासाठी जोकर घडत होता तेव्हा चित्रकार जेरी रॉबिन्सनने पत्त्यातला जोकर पुढे केला आणि लेखक बिल फिंगरने फाइटचा फोटो दाखवला. तो फोटो होता युनिव्हर्सलच्या ‘द मॅन हू लाफ्स’ (1928) मधला. पण ती भूमिका खलनायकाची? ज्याने हे लिहिलं त्याने चित्रपट पाहिलेला नाही, एवढं नक्की.

व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरचा हा चित्रपट आहे ग्विनप्लेन नावाच्या मुलाचा. बाप राजाच्या विरोधात गेला म्हणून राजाच्या हुकमाने मुलाचा चेहरा कापून कायमचा हसरा केला जातो. मोठा होऊन तो जत्रेत लोकांना हसवून पोट भरतो. ज्या आंधळ्या मुलीवर त्याचं प्रेम आहे तिला त्याचा चेहरा दिसत नाही, म्हणूनच ती आपल्याजवळ आहे असं त्याला वाटत राहतं. हा नायक आहे, आणि तोही सोसणारा नायक. गंमत अशी की या गोष्टीत खलनायक आहेच, आणि तो कोण, तर राजाचा विदूषक! बार्किल्फेड्रो त्याचं नाव, ब्रँडन हर्स्टने ते काम केलंय. म्हणजे जोकर शोधायचाच तर तो फाइटच्या समोर उभा होता.

या भूमिकेबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण फाइटचं सगळं सामर्थ्य इथे एका जागी दिसतं. पुढे ‘फ्रँकेन्स्टाइन’चा राक्षस घडवणाऱ्या जॅक पिअर्सने त्याची रंगभूषा केली होती. तोंडात दातांची कवळी, तिला आकडे, आणि त्या आकड्यांनी ओठांचे कोपरे मागे ताणलेले. ती घातल्यावर बोलता येणं शक्य नव्हतं. नटाच्या चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग असा गोठवला की उरतात फक्त डोळे आणि कपाळ. तेवढ्यावर फाइट लाज दाखवतो, लोभ दाखवतो, संताप दाखवतो. सरदारांच्या सभागृहात सगळे त्याच्या तोंडाकडे बघून हसायला लागतात आणि त्यालाही हसण्यावाचून इलाज नसतो, कारण चेहराच तसा आहे. त्या प्रसंगात त्याच्या डोळ्यांकडे बघा. कुठलाही जोकर, ऑस्कर मिळालेला असला तरी, या ठिकाणी पोहोचलेला मला दिसलेला नाही. हे माझं मत. वाद घालणाऱ्याने आधी चित्रपट पाहून यावं.

‘जन्मभर खलनायकच रंगवले’

कॅलिगारीतला सेझारे, म्हणजे फाइटने रंगवलेला झोपेत चालणारा माणूस, खून करतो, हे खरं. पण करतो कसा? पेटीत झोपलेला असतो, मालक उठवतो, सुरा हातात देतो. नायिका जेनला मारायला पाठवलं जातं तेव्हा त्याचा हात थांबतो, तो तिला उचलून पळतो आणि वाटेत कोसळतो. चित्रपटाच्या शेवटी वेड्यांच्या इस्पितळात तो फुलं हातात घेऊन शांत उभा आहे. याला खलनायक म्हणायचं तर सुऱ्यालाही गुन्हेगार म्हणावं लागेल.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1919 मध्ये, फाइटने ‘आंडर्स आल्स डी आंडर्न’ हा चित्रपट केला. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जर्मन कायद्याच्या 175व्या कलमाविरुद्ध उघड उभा राहिलेला हा चित्रपट रिचर्ड ओस्वाल्डने काढला, आणि लैंगिकतेचे अभ्यासक डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड स्वतः त्यात पडद्यावर येऊन बोलतात. फाइट त्यात व्हायोलिनवादक आहे. ब्लॅकमेल करणाऱ्याविरुद्ध तो कोर्टात जातो. ब्लॅकमेल करणाऱ्याला शिक्षा होते, पण यालाही होते. मैफली बंद होतात, लोक तोंड फिरवतात, शेवटी तो विष घेतो. वर्षभरात चित्रपटावर बंदी आली, पुढे नाझींच्या काळात प्रती नष्ट झाल्या, आज फक्त तुकडे उरलेत. सव्वीस वर्षांच्या, नाव होऊ लागलेल्या नटाने हे काम घेणं किती जोखमीचं होतं, हे वेगळं सांगायला नको.

बाकीची यादी भराभर सांगतो: संगीतकार शोपँ, नौसेनापती नेल्सन, ‘द हँड्स ऑफ ऑर्लाक’मधला खुन्याचे हात जोडलेला पियानोवादक, ‘द स्टुडंट ऑफ प्राग’मधला आपलं प्रतिबिंब विकणारा विद्यार्थी. क्रूर राजेही आहेत. ‘वॅक्सवर्क्स’मधला इव्हान, आणि ‘द बिलव्हेड रोग’ (1927) मधला अकरावा लुई. या लुईसाठी जॉन बॅरिमोरने त्याला पहिल्यांदा हॉलिवूडला बोलावून घेतलं होतं.

आणि एक बंगालचा महाराजाही. ‘द इंडियन टूम’ (1921) मध्ये फाइट झालाय महाराजा अयान, बायकोच्या बेइमानीने वेडापिसा झालेला. बर्लिनजवळ वोल्टर्सडॉर्फला देवळं, महाल, वाघाचे पिंजरे असं लाकूड-प्लास्टरचं अख्खं हिंदुस्थान उभारलं होतं. आपल्याला आज ते बघताना हसू येतं. पण त्या हास्यास्पद पगडीखाली फाइट मात्र गंभीर आहे, आणि त्याचं दुःख खरं वाटतं. मूळ कादंबरी टेआ फॉन हार्बूची. ही तीच लेखिका जिने पुढे पत्रकार आयी तेंडुलकरांशी गुपचूप लग्न केलं. आपल्याकडच्या माणसाचा या जगाशी असा आडवळणाने संबंध येतो, म्हणून सांगितलं. हार्बू मात्र जर्मनीतच राहून नाझी काळातही पटकथा लिहीत राहिली.

‘बोलपटांनी संपवला’

1929 मध्ये तो हॉलिवूड सोडून जर्मनीला परतला, त्याचं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं, एवढा भाग बरोबर. पण ‘संपला’ कुठून आलं? परतल्यावर तो जर्मन बोलपटांत लगेच उभा राहिला. 1931 च्या ‘डेर कोंग्रेस टान्त्स्ट’ या गाजलेल्या संगीतपटात तो ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटरनिख आहे. मग इंग्रजीवर मेहनत घेतली, आणि ब्रिटनमध्ये ज्या आवाजाने त्याला बुडवलं म्हणतात त्याच आवाजावर लोक भाळले. ‘डार्क जर्नी’ (1937) मध्ये तो व्हिव्हियन लीचा प्रियकर आहे, जर्मन हेर असूनही. दिग्दर्शक मायकेल पॉवेलच्या ‘द स्पाय इन ब्लॅक’ (1939) मध्ये तो पहिल्या महायुद्धातल्या पाणबुडीचा कप्तान आहे, शत्रू आहे, आणि तरीही प्रेक्षकाचा जीव त्याच्यातच गुंततो. लगेच पुढच्या वर्षी पॉवेलनेच त्याला ‘काँट्राबँड’मध्ये सरळ सरळ नायक केलं, डॅनिश जहाजाचा कप्तान.

त्याने 1933 च्या सुमारास एक गाणंही रेकॉर्ड केलं होतं. जवळजवळ अर्धशतकानंतर बीबीसी रेडिओवर निवेदक टेरी वोगनने ते वाजवलं आणि श्रोत्यांची मागणी सुरू झाली. उच्चारांमुळे बाद झालेल्या माणसाच्या बाबतीत असं होत नाही.

‘हॉलिवूडने त्याला नाझी वर्दीत अडकवलं’

1939 मध्ये ब्रिटिश नागरिक झालेला फाइट 1940 मध्ये पुन्हा अमेरिकेत गेला. निमित्त होतं ‘द थीफ ऑफ बगदाद’. लंडनवर बॉम्ब पडू लागल्यावर निर्माता अलेक्झांडर कोर्डाने त्याचं उरलेलं काम तिकडे नेऊन पुरं केलं. त्यातला जाफर हा फाइटचा सर्वांत देखणा खलनायक. समोर होता म्हैसूरकडच्या माहुताचा मुलगा साबू. साबू सगळीकडे उड्या मारतो आणि फाइट जवळजवळ हलतच नाही, नुसता बघतो. डिस्नेच्या ‘अलादिन’मधला जाफर इथूनच आला. यात नाझी कुठेच नाही.

त्यानंतर हॉलिवूडमध्ये त्याने आठ चित्रपट केले. त्यांतल्या चारांत तो नाझी आहे: ‘एस्केप’, ‘ऑल थ्रू द नाइट’, ‘नाझी एजंट’ आणि ‘कॅसाब्लँका’. म्हणजे निम्मे. आणि ‘नाझी एजंट’मध्ये तर दुहेरी भूमिका आहे. एक भाऊ नाझी अधिकारी, दुसरा न्यूयॉर्कमध्ये राहणारा साधा माणूस, जो भावाची जागा घेऊन आतून हेरजाळं फोडतो. तेव्हा तो चित्रपट अर्धाच मोजा. उरलेल्या चारांत जोन क्रॉफर्डला गुन्ह्यात ओढणारा सरदार आहे, रेड स्केल्टनच्या विनोदी चित्रपटातला भोंदू पंथप्रमुख आहे, लॉरेटा यंगला नाच शिकवणारा बॅले गुरू आहे. चौथ्याबद्दल शेवटी.

आता वर्दीबद्दल. त्या काळी हॉलिवूडमध्ये नाझी रंगवणाऱ्यांत कितीतरी जण नाझींमुळेच देशोधडीला लागलेले होते. ‘कॅसाब्लँका’च्या सेटवर तर पीटर लोर, मार्सेल दालिओ, कुर्ट बोइस, एस. झेड. साकाल असे निर्वासितच निर्वासित होते. अशा निर्वासितांपैकी ज्यांनी ही वर्दी अंगात घातली त्यांना काय वाटत असेल, याची कल्पना करा. पण म्हणून ती लादलेली ठरत नाही. फाइटला या लोकांचा राग होता आणि त्यांना पडद्यावर कसं दाखवायचं हे त्याला नेमकं माहीत होतं. स्ट्रासर ओरडत नाही, टाचा आपटत नाही. तो अदबीने बोलतो, चांगली दारू मागवतो, आणि कुणाला कधी मारायचं हे जेवणाच्या बेतासारखं ठरवतो. बर्लिनच्या दिवाणखान्यांत अशी माणसं जवळून पाहिलेल्या नटालाच हे जमतं. या कामासाठी एमजीएम स्टुडिओकडून वॉर्नर ब्रदर्सने त्याला उसना घेतला, आठवड्याला 5,000 डॉलर मोजून. कोपऱ्यात ढकललेल्या नटाला कुणी एवढे पैसे देत नाही. आणि कमाईतला मोठा वाटा त्याने ब्रिटनच्या युद्धकार्याला दिला, हे त्या पोस्टमध्ये कधीच नसतं, हे विशेष.

‘नाझी म्हणूनच गेला’

पोस्टचा शेवट बहुधा असा असतो की स्ट्रासर हीच त्याची अखेरची भूमिका, पडद्यावर गोळी खाऊन तो गेला. वाचायला झकास, पण खोटं. 3 एप्रिल 1943 रोजी लॉस एंजेलिसमध्ये गोल्फ खेळताना हृदयविकाराने तो गेला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. ‘कॅसाब्लँका’ला ऑस्कर मिळालं ते पुढच्या वर्षी. ‘कॅसाब्लँका’नंतर त्याने आणखी एक चित्रपट केला, ‘अबव्ह सस्पिशन’, आणि तो त्याच्या मृत्यूनंतर लागला. त्यात जोन क्रॉफर्ड आणि फ्रेड मॅकमरे हे अमेरिकन जोडपं नाझी राजवटीत हेरगिरी करायला जातं. फाइट आहे काउंट सायडेल, त्या दोघांना मदत करणारा नाझीविरोधक. वर्दी बॅझिल रॅथबोनच्या अंगात आहे.