रिव्हर्समध्ये गाडी एकदम ओके

गाडी बिघडायचीच असेल तर तिने सरळ बंद पडावं. बंद पडलेल्या गाडीला सहानुभूती मिळते, चार अनोळखी लोक येऊन धक्का मारतात. माझी ऑटोमॅटिक गाडी बंद पडली नाही. इंजिन झकास, एसी गार, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. फक्त गिअरचा दांडा ‘डी’वर, म्हणजे नेहमीच्या ‘ड्राइव्ह’वर, ओढून ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन डरकाळी फोडायचं आणि गाडी तसूभर हलायची नाही. रिव्हर्स टाकला की सुरेख मागे जायची. ‘एल’, म्हणजे चढावाचा ‘लो’, टाकला की चक्क पुढेही जायची. पुढे जाण्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. सगळं जग ज्या गिअरमध्ये गाडी चालवतं त्याच गिअरशी काय ते वाकडं.

आता हे कुणाला सांगून बघा.

“डीमध्येच टाकली होतीस ना?” इति नवरा. “न्यूट्रलला राहिली असेल,” शेजारचे काका. “हँडब्रेक सोडला होतास का गं?” सासूबाई, ज्यांनी जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही. बाईने सांगितलेला गाडीचा बिघाड हा आधी बाईचा बिघाड असतो, गाडीचा नंतर. त्यातून ही बया लहरी. मध्येच खालून ‘ठक्’ असा आवाज यायचा, आत कुठेतरी काहीतरी धरायचं आणि गाडी निमूट निघायची. हे ‘ठक्’ हमखास नवरा चालवायला बसला की व्हायचं. तो कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचा, किल्ली माझ्या हातात ठेवायचा आणि काहीही बोलायचा नाही. बोलला असता तर बरं, निदान भांडता आलं असतं.

धाकट्या बहिणीचे यजमान मात्र बोलले. भावोजींना प्रत्येक यंत्राचा इतिहास ठाऊक असतो, दुरुस्ती सोडून. त्यांनी टॉर्क कन्व्हर्टरपासून, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे पोचवणाऱ्या भांड्यापासून, सुरुवात केली. १९०५ साली हेर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने पेटंट मिळवायचं ठरवलं ते मुळात जहाजांसाठी. तेलाच्या प्रवाहातून ताकद पुढे पोचवायची, इंजिन आणि जहाजाचा पंखा यांचा थेट संबंध नाही. मी ऐकून घेतलं. जहाजाला सिग्नल सुटल्यावर मागच्या रिक्षाच्या आधी निघायचं नसतं, एवढाच मुद्दा मला मांडायचा होता, पण ते ब्रेक घेत नव्हते.

दरम्यान मी एक युक्ती शोधली होती. एलमध्ये सुटायचं, थोडा वेग आला की दांडा डीवर ढकलायचा. गिअरबॉक्स दुसऱ्या गिअरला जायचा आणि पुढे सगळं सुरळीत. सिग्नल लागला की परत एल. गिअर बदलायचा कंटाळा म्हणून हौसेने ऑटोमॅटिक घेतलेली, आणि आता माझा डावा हात क्षणभर मांडीवर टेकत नव्हता. एकदा एल विसरून हिरव्या दिव्याला डीमध्येच ॲक्सिलरेटर दाबला. गाडी जागच्या जागी गर्जना करतेय आणि मी काचेतून समोर बघतेय. मागच्यांना वाटलं, बाई शर्यत लावायच्या विचारात आहेत.

पहिल्या गॅरेजमधल्या पोराने लॅपटॉप जोडला. मशीनला विचारण्याच्या पिढीतला तो. मला काही विचारलंच नाही. लॅपटॉप म्हणाला, पहिल्या गिअरचं प्रमाण जुळत नाही. ते मीही सांगू शकले असते, फुकट. मग सोलेनॉइडचा, म्हणजे गिअरबॉक्समधल्या विजेवर चालणाऱ्या झडपेचा, संशय घेऊन झाला, गिअरबॉक्सचं तेल बदलून झालं. नवं लालचुटूक तेल पिऊन गाडी पुन्हा रिव्हर्समध्ये सुंदर चालली.

दुसरे मिस्त्री वयस्क होते. चष्मा कपाळावर, हात पुसत बाहेर आले आणि तीनच प्रश्न विचारले. “मागं जाते?” जाते. “एलला उचलते?” उचलते. “डीला दुसरा पडल्यावर ठीक?” अगदी ठीक. “वन-वे गेला ताई.” वन-वे म्हणजे एकाच दिशेने फिरू देणारा क्लच. माझ्यावर विश्वास ठेवणारा पहिला मनुष्य! डीमध्ये टाकली होती का, हे त्यांनी विचारलंही नाही.

तरी खात्री म्हणून त्यांनी चाकांना लाकडी ओंडके लावले, ब्रेक गच्च दाबून धरला आणि एलमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर चढून एका जागी थबकला. मग तेच डीमध्ये, आणि काटा सुसाट. दोन्ही वेळा पाच सेकंदांच्या आत पाय काढला, कारण तेवढ्यात तेल भयंकर तापतं. म्हणाले, असाच एक वन-वे टॉर्क कन्व्हर्टरच्या पोटातही असतो. तो निसटायला लागला असता तर काटा एवढा वर चढलाच नसता आणि गाडी जागेवरून उठताना पुढे-मागे दोन्हीकडे मरगळली असती. तो जाम झाला असता तर निघताना मजेत, वेगात मात्र दम लागला असता. “तुमचा गिअरबॉक्सच्या आतला आहे,” असं म्हणताना त्यांनी खाली बघितलं. मिस्त्री खाली बघून बोलतात तेव्हा गिअरबॉक्स उतरणार असतो.

उतरला. सगळं उलगडून त्यांनी तळहातावर मावेल अशी एक चकती, म्हणजे तो वन-वे, माझ्यासमोर धरली. बाहेर एक कडं, आत एक कडं, मधल्या खाचांत बोटाच्या पेरापेक्षा बारीक रोलर, आणि प्रत्येक रोलरला मागून ढकलणारी घडीची इवलीशी स्प्रिंग. खाच एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळती. कडं एकीकडे फिरवलं की रोलर रुंद बाजूला सरकतात आणि ते मोकळं फिरतं. उलटं फिरवू गेलं की निमुळत्या टोकात पाचरीसारखे अडकतात आणि सगळं दगड. सायकलचं फ्रीव्हीलही असंच एकीकडे मोकळं फिरतं, दुसरीकडे अडतं. माझ्या चकतीत दोन स्प्रिंगा तुटलेल्या, रोलर एका बाजूने चपटलेले आणि कड्यावर त्यांचे खड्डे. त्यांनी ती एकीकडे फिरवली, फिरली. दुसरीकडे फिरवली, तीही फिरली. कसला त्रास नाही, कुणाला विरोध नाही. एवढा मनमिळाऊपणा माझ्या गाडीत होता याची मला कल्पनाच नव्हती.

पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्सच्या आतल्या दातेरी चाकांच्या एका सांगाड्याला उलटं फिरू न देणं एवढंच या चकतीचं काम. ती अडवते म्हणून जोर गाडीच्या चाकांकडे जातो. नाही अडवलं तर सांगाडा गंमत म्हणून उलटा फिरतो आणि इंजिन वाऱ्याशी बोलतं. एल आणि रिव्हर्समध्ये त्याच सांगाड्याला तेलाच्या दाबावर चालणारा वेगळा ब्रेक धरतो, म्हणून तिथे सगळं आलबेल. मग डीमध्येही तो ब्रेकच का नाही वापरत? तर दुसरा गिअर पडायच्या नेमक्या क्षणी तो सोडावा लागला असता, आणि जरा मागेपुढे झालं की हिसका. ही चकती वेळ झाली की आपली आपण सुटते. ना वायर, ना सेन्सर, ना कुणाचा हुकूम. लॅपटॉपला ती दिसणार तरी कशी!

नवी चकती बसवताना मिस्त्रींनी हाताखालच्या पोराला थांबवलं. काही गिअरबॉक्समध्ये ती उलटीही बसते, आणि बसली तर सगळं जोडून झाल्यावर कळतं. “फिरवून बघ.” पोराने फिरवली. “दुसरीकडं.” अडली. तेव्हा कुठे पुढचा नट हातात घेऊ दिला.

जुनी चकती पिशवीत घालून मला दिली. ती भावोजींनी मागून नेली, धुऊन पुसून दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवली. कुणी आलं की काढतात. फ्योटिंगरपासून सुरुवात होते, जहाजं येतात, मग चकती हातात घेऊन “बघा, ही फक्त एकाच दिशेने फिरते” असं म्हणत ते ती दोन्ही दिशांनी फिरवून दाखवतात. पाहुणे माना डोलावतात.